न्यायचं ते पोटात न्या

आक्कांना नमस्कार केला की त्या उलट नमस्कार करत नसत. पुढे येत, अंगठ्यानं समोरच्या बाईच्या डोळ्याखालची कातडी खाली ओढत आणि आतला रंग बघत. अंगठ्याला लसणाचा आणि धुराचा वास असे. "पांढरीफटक," एवढंच म्हणून त्या पुढच्या बाईकडे वळत. क्वचित कधी "बरी हाय" म्हणत. एकदा संस्थेचे समन्वयक सर बीडहून आले, गाडीतून उतरून त्यांनी हात जोडले, तर आक्कांनी त्यांचाही डोळा तसाच ओढून पाहिला आणि सगळ्या बायकांदेखत सांगितलं, "लालभडक. ह्यांना वाढू नका."

माझा डोळा त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला.

"कुठली गं तू?"

"बीडची."

"कंच्या शाळेत शिकलीस?"

मी सांगितलं. इंग्रजी नाव ऐकून त्यांनी नाकानं हुं केलं. "डोळा पांढरा अन् भाषा गोरी. ये कॉन्व्हेंट, बस त्या मंगलपशी. जेवून मग काय लिहायचं ते लिही."

त्यानंतरच्या दीड वर्षात त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. गावातल्या बायकाही मला कॉन्व्हेंटताई म्हणू लागल्या. मला त्याचा राग यायचा, पण मी कधी बोलले नाही. मी कशावरच बोलत नसे. माझं काम रजिस्टर भरायचं, फोटो काढायचे आणि महिन्याच्या शेवटी इंग्रजीत अहवाल लिहायचा. सरांचं इंग्रजी कच्चं होतं म्हणून मला नोकरी मिळाली होती.

आमचं स्वयंपाकघर दिंद्रुडजवळच्या एका गावात होतं, खताच्या जुन्या गोदामात. वर पत्रा, आत दोन चुली आणि एक गॅसची शेगडी. आठवड्यातून चार दिवस पंचवीसेक बायका यायच्या. प्रत्येकीनं घरून मूठभर काहीतरी आणायचं: डाळ, हुलगे, ज्वारीचं पीठ, बांधावरची भाजी. शाहीन भाभींचा नवरा गाड्यावर फळं विकायचा, त्या डागाळलेले पेरू आणि सुकत आलेली लिंबं आणायच्या. तेल-मीठ-सरपण संस्थेचं. कमी खर्चात, अनेकांनी मिळून, अंगात रक्त भरेल असं कसं रांधायचं ते आक्का शिकवत. आक्का बीडला मुलींच्या वसतिगृहात आयुष्यभर स्वयंपाक करून निवृत्त झाल्या होत्या आणि माहेरच्या गावी परतल्या होत्या. नवरा, मूलबाळ याबद्दल त्या बोलत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, "भाजी करपायली, तिकडं बघ."

शिकवणं म्हणजे शिव्याच. फोडणीत तेल जास्त पडलं तर, "गाडीत घालायलीस का?" पालेभाजी चिरून मग धुतली तर चिरणारीच्या हातात ते हिरवं पाणी देऊन, "घे, पी आता. सगळा कस ह्याच्यात गेला." जेवणावर लगेच चहा मागणाऱ्या बाईला त्या लिंबाची फोड चोखायला लावत. माझ्याकडे संस्थेनं दिलेला रंगीत तक्ता होता, त्यात लोह आणि प्रथिनं होती. आक्कांनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "ह्यात बाई कुठाय?" तक्त्यात बाई नव्हती. गाजर, अंडं आणि हसणारा मुलगा होता.

पण त्यांच्यापाशी खरा नियम एकच होता आणि त्यापायी अर्धं गाव त्यांच्यावर उखडलं होतं. या स्वयंपाकघरातून अन्न बाहेर जाणार नाही. डबा आणायचा नाही. पिशवी आणली तर दारात उघडून दाखवायची. जे शिजेल ते ज्यांनी शिजवलं त्यांनी तिथंच, मांडी घालून बसून खायचं. लेकरं आणायची असली तर आणा, ती इथं बसून जेवतील. पण घरी न्यायचं ते पोटात न्या.

"आक्का, मग मियाँला घरी जाऊन काय देऊ?" शाहीन भाभी म्हणायच्या. "ढेकर देऊन दाखवू का?"

"दे की. जोरात दे."

वाढताना "पुरे" म्हणायला बंदी होती. जी "पुरे" म्हणेल तिच्या ताटात एक पळी जास्त. आपल्याकडच्या बाईला "पुरे" न म्हणता जेवता येत नाही हे मला तिथं कळलं. ताटात काहीच नसलं तरी तोंडातून आधी तोच शब्द येतो. पहिल्या आठवड्यात मी चार पळ्या वरण जास्त खाल्लं.

हा नियम मला तेव्हा क्रूर वाटायचा. मी तसं अहवालात लिहिलंही, सभ्य शब्दांत. लिहिण्याचं कारण मंगल.

मंगल चोविसेक वर्षांची असेल. तिला एक चार वर्षांची मुलगी होती आणि पुन्हा दिवस गेले होते, दुसरा महिना सुरू होता. घरी दोन एकर बागाईत, नवऱ्याचा टेम्पो, दारात दोन म्हशी. घरात खायला कमी नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर प्रत्येक जण तेच सांगत राहिला. उपकेंद्राच्या नर्सबाई दर महिन्याला सगळ्यांचं रक्त तपासायच्या आणि आकडे मी लिहून घ्यायचे. मंगलचा आकडा सगळ्यांत खाली होता. म्हशी दारात असलेल्या घरातल्या बाईचा.

एके दिवशी जेवणं झाल्यावर मंगल निघाली तशी आक्का दारात आडव्या आल्या.

"कमरेला काय हाय?"

"काय न्हाई, आक्का."

आक्कांनी तिच्या निऱ्यांजवळ खोचलेली प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. आत एक भाकरी आणि मेथीचा गोळा होता. पंचवीस बायका बघत होत्या. मंगल मान खाली घालून म्हणाली, "पोरीसाठी नेत होते."

"खाली बस. खा."

"आक्का, माझं झालंय..."

"बस म्हनले ना."

ती बसली आणि रडत रडत ती भाकरी खाल्ली. आक्का समोर कमरेवर हात ठेवून उभ्या. मी भिंतीशी बसून होते. एका आईला तिच्या लेकराचा घास तिच्याच घशात कोंबायला लावणारी ही कोण, असं मनात म्हणत होते. मनातच. बायका गेल्यावर मी कशीबशी एवढंच बोलले, "आक्का, लहान मुलगी आहे तिची."

"मग मुलगी आन म्हनावं. मी काय मुलीला हाकललं का?"

दुसऱ्या दिवशी मंगल मुलीला घेऊन आली. आक्कांनी तिला मांडीवर घेतलं, वरणात भाकरी कुस्करून भरवली आणि सहज विचारलं, "काल मेथी न्हाई मिळाली व्हय गं तुला?"

"न्हाई."

"अन् परवा? आई आनती ना रोज?"

"परवाचं पप्पानी खाल्लं," मुलगी म्हणाली. "आजीनं वाढलं त्यान्ला. आई म्हनली मला भूक न्हाई."

मंगल भाकऱ्या थापत होती, तिचा हात थांबला आणि परत सुरू झाला. आक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी भांडी घासताना त्या स्वतःहून बोलल्या, एकदाच. वसतिगृहातल्या मुली गुरुवारपासून पेटीत भाकऱ्या दडवायच्या. शनिवारी घरी जाताना न्यायच्या. "बुरशी आलेली भाकर भावाला न्यायची. भाऊ तिकडं मटन खाऊन बसलेला. ह्यांना वाटायचं, आपन खाल्लं तर पाप लागंल. मी पेट्या उघडून भाकरी फेकायचे. मला पोरी डाकीन म्हनायच्या." मग घासणी आपटून म्हणाल्या, "हाय मी डाकीन."

पुढच्या तीन महिन्यांत मंगलचा आकडा चढला. थोडाच, पण दर महिन्याला. माझ्या फाइलमध्ये तो होता, तारखेसकट.

मग गावात कुजबुज सुरू झाली आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक लागली. सर बीडहून आले. पुढे सतरंजीवर आमच्या बायका बसल्या. त्यांच्या मागे खुर्च्यांवर सासवा आणि पुरुष. मंगलची सासू उभी राहिली.

"आमच्या घरात खायाला कमी हाय का? सून परक्या जागी बसून गिळून येती. अजून गडीमानसं जेवली न्हाईत अन् हिचं पोट भरलेलं. मग ताटावर बसती अन् म्हनती भूक न्हाई. हे बरं दिसतं का?"

"तिच्या पोटात लेकरू हाय," आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. "त्याला इचार बरं दिसतं का."

खुर्च्यांवर कोणीतरी हसलं. सरांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. त्यांचा आवाज गोड होता, अजूनही असेल. "आक्का, डबा दिला तर बिघडतं काय? बाई जेवली तर एक लाभार्थी. डबा घरी गेला तर अख्खं कुटुंब लाभार्थी. पौष्टिक अन्न सगळ्यांच्या पोटात जाईल."

"सगळ्यांच्या पोटात जाईल अन् ही पातेलं खरवडंल."

"तुम्ही फार टोकाचं बोलता." मग ते माझ्याकडे वळले. "आमच्या ताई रोज तिथे असतात. त्यांना विचारू. बोला ताई, काय वाटतं?"

फाइल माझ्या मांडीवर होती. मला फक्त ती उघडून आकडे वाचायचे होते. मंगलचं नाव न घेताही वाचता आले असते. मुलीनं काय सांगितलं ते सांगता आलं असतं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि त्यांत आक्का होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंचं बरोबर आहे."

इतकं गुळगुळीत वाक्य मी त्याआधी कधी बोलले नव्हते. वादविवादाच्या तासाला शाळेत आम्हांला असंच बोलायला शिकवलं होतं, दोन्ही बाजू मांडा, आवाज चढवू नका. सर खूश झाले. "बघा, ताई किती समजूतदार आहेत," म्हणाले आणि लगेच हात वर करायला सांगितले. ज्यांना डबा हवा त्यांनी हात वर करा. मागे सासवा बसलेल्या असताना! हे चुकीचं आहे, बायकांना वेगळं विचारायला हवं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. माझ्या शिक्षणाचा एवढाच उपयोग झाला, मला कळलं. एकेक हात वर गेला. मंगलचा कोपरापर्यंत आला, मागून सासू खाकरली, तसा पूर्ण वर गेला. शाहीन भाभींचा हात तेवढा खाली राहिला.

आक्का उठून गेल्या नाहीत. मला वाटलं होतं, त्या भांडतील नाहीतर काम सोडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका डबे घेऊन आल्या, तीन-तीन पुडांचे, काहींचे तर नवे. आक्कांनी पातेलं चढवलं आणि हुलग्याचं माडगं केलं. पातळ, लसूण ठेचून घातलेलं, उकळतं. त्यानंतरच्या दिवशी ज्वारीची अंबील. मग अंबाडीत शिजवलेल्या कण्या, सैल. मग शेंगोळे, जे गार झाले की डब्यात लगदा होतात. रोज असंच, चुलीवरून उतरवून वाटीत ओतून तिथंच प्यावं असं. डब्यात भरलं तर घरी जाईस्तोवर सांडायचं, फुगायचं, आंबायचं.

"आक्का, भाकरी-भाजी करू की," कोणी म्हणायचं.

"करू. आधी हे शिका. ह्याच्यात लई ताकद हाय."

बायका शिकत होत्या. आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून चुलीपाशी उभ्या उभ्या वाट्या रिकाम्या करत होत्या. मंगल दोन-दोन वाट्या प्यायची. पुरुष वैतागले. "हे काय आजाऱ्याचं खानं देता?" डबे कमी झाले. मला ते सगळं दिसत होतं आणि मला हसू यायचं, त्या दीड वर्षातलं एकमेव.

महिन्याभरानं सरांचा फोन आला. लाभार्थी का घटले? मेनू कोण ठरवतं? मी म्हणाले, "आक्का." खोटं बोलायला हवं होतं. खरं बोलण्यासारखी तेवढीच वेळ मला सापडली.

आक्कांना काढलं नाही, त्यांचा सत्कार केला. आमच्याकडे माणसाला काढायचं असलं की शाल देतात. वयोमानानुसार आता विश्रांती घ्यावी, असं सर माइकवर म्हणाले. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, लिहून दिलेलं. आक्कांनी माइक हातात घेतला, शाल दुसऱ्या हातात धरली आणि म्हणाल्या, "मला थंडी वाजत न्हाई. मला राग येतो. त्याच्यावर काय असंल तर द्या." टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं आक्का गंमत करतात. त्या आठवड्यात त्या बीडला भाचीकडे राहायला गेल्या.

नव्या बाई चांगल्या होत्या. सुकी भाजी, कोरडी चटणी, राजगिऱ्याचे लाडू, सगळं टिकाऊ. लाभार्थी वाढले. नर्सबाई यायच्या, मी आकडे लिहायचे. मंगलचा आकडा खाली आला, मग आणखी खाली. मी तो लिहिला, तारखेसकट. सरांना दाखवला. ते म्हणाले, "एकीवरून निष्कर्ष काढू नये."

मंगलला आठव्या महिन्यातच कळा आल्या. तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. मुलगी झाली, वजनाला फार कमी, पण जगली. चौथ्या दिवशी मी तिच्यासाठी आमच्या स्वयंपाकघरातून डबा घेऊन एसटीनं गेले. दोन भाकऱ्या, मेथी, घट्ट वरण.

मंगल उशीला टेकून बसली होती, ओठसुद्धा पांढरे. तिच्या सासूनं माझ्या हातातून डबा घेतला. "लई बरं झालं ताई, पोरगं सकाळपसून उपाशी हाय. रात्रीपसून पळायलंय बिचारं." तिनं खाटेच्या पायथ्याशी पेपर अंथरून ताट मांडलं आणि आपल्या मुलाला, मंगलच्या नवऱ्याला, वाढलं. तो खरोखरच दमलेला होता. मंगल म्हणाली, "जेवा तुमी आधी. मला भूक न्हाई."

तो जेवू लागला. मी स्टुलावर बसून त्याचा हात बघत होते. एक भाकरी संपली. दुसरी अर्ध्यावर आली.

"तो डबा तिचा आहे," मी म्हणाले.

आवाज इतका मोठा आला की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं वळून पाहिलं. मंगलच्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याचं तोंड पडलं, तो वाईट माणूस नाही, कोणीही वाईट नाही, याचाच मला संताप येतो. त्यानं ताट पुढे सरकवलं, हात धुवायला म्हणून बाहेर गेला आणि परत आला नाही. सासू म्हणाली, "एवढं चिडायला काय झालं? तिला घरून येतंय की." आणि ती मुलाच्या मागे गेली.

"कावून भांडता, ताई," मंगल हळू आवाजात म्हणाली. "मला खरंच न्हाई भूक."

मी उठले नाही. ताट तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसून राहिले. बराच वेळ गेला. मग तिनं तुकडा मोडला. ती चावत होती तेव्हा सासू दोनदा दारातून डोकावून गेली. उरली होती अर्धी भाकरी, ती तिनं संपवली.

बाहेर येऊन मी आक्कांना फोन लावला. का लावला ते मला ठाऊक आहे. शाबासकी हवी होती.

"कॉन्व्हेंट का? बोल. कशी हाय ती?"

"बरी आहे. मी डबा नेला होता. माझ्यासमोर जेवली ती."

"किती?"

"अर्धी भाकरी."

"नेल्या किती होत्या?"

"दोन."

"दीड कुठं गेली?"

मी सांगितलं. मंगलच्या नवऱ्यानं खाल्ली. पलीकडे कुकरची शिट्टी वाजली.

"तो दीड भाकर खाईस्तोवर," आक्का म्हणाल्या, "तू काय करायलतीस?"

मी फोन कानाला धरून दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिले. आक्कांनी फोन ठेवला नाही. उत्तर आल्याशिवाय त्या ठेवणार नव्हत्या.